रंगूनला वळलेला चेंडू

मी चेंडू बोलतोय. क्रिकेटचा, खऱ्या चामड्याचा. चिंध्या गुंडाळलेला नव्हे. आज मला पाहून कोणी वाळकं बेलफळ समजेल. पण सियालकोटच्या कारखान्यातून निघालो तेव्हा मी लालबुंद होतो आणि मला त्याचा चांगलाच तोरा होता.

तो तोरा आटगावला उतरला. स्टेशनाजवळ एका लाकूड कंपनीची वखार होती. शहापूर-मुरबाडच्या जंगलातला साग तिथून मुंबईला जायचा. कंपनीच्या साहेबाला क्रिकेटचं वेड. त्यानं वखारीतल्या माणसांचा संघ उभा केला होता, आणि मैदान काय, तर मागच्या शेतातलं खळं! मळणी आटोपली की शेणानं सारवलेल्या त्या टणक जमिनीवर काथ्याची चटई अंथरायची, कडेनं खिळे ठोकायचे, की झाली खेळपट्टी. शेणाचा वास येताच मी मनातल्या मनात नाक मुरडलं.

तिथं मला नामाच्या हातात दिलं. नामा डोळखांबकडचा, वखारीत ओंडके ओढणारा. त्याची बोटं लांब होती आणि पाय कायम अनवाणी. माझी एक बाजू तो धोतराला घासून घासून चकचकीत ठेवायचा, दुसरीला हात लावायचा नाही. मग मी वेगात सरळ जाता जाता ऐन वेळी बाहेर वळायचो, आणि टप्पा पडला की खळ्यावरून ताडकन छातीपर्यंत उसळायचो. फलंदाज बोटं चोळत बसायचे. यष्ट्यांमागे महिपत असे, शहापूरचा, वखारीत करवत चालवणारा. नामाचा चेंडू अडवणं त्या एकट्यालाच जमायचं.

१९४१चा पावसाळा सरत आला तेव्हा साहेबानं संघ रंगूनला पाठवायचं ठरवलं. कंपनीची मोठी कचेरी तिथं होती. तिथं चांगला खेळलास तर परत आल्यावर मुकादम करतो, असं तो नामाला म्हणाला. नामाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याची बायको देवकी आटगावच्या फलाटावर पोचवायला आली होती. तिनं रंगूनहून काही आणायला सांगितलं नाही, कधी येणार एवढंच विचारलं.

"मळणीला मी खळ्यावर असन," नामा म्हणाला.

रंगूनला ना खळं, ना चटई. पावसानं भिजलेलं हिरवं गवत, आणि हवा अशी जड, की मी हातातून सुटल्या सुटल्याच वळायला लागायचो. इतका लवकर आणि इतका लांब, की फलंदाज मला नुसता बघून सोडून द्यायचा. नामा चिडून घरच्यासारखा आपटायला गेला, तर त्या ओल्या मातीत माझा दमच जायचा. छातीशी उसळणारा मी गुडघ्याशी हळूच वर यायचो आणि मार खाऊन झाडांपलीकडे जाऊन पडायचो. नामाचे अनवाणी पाय घसरायचे. खिळ्यांचे बूट दिले, तर नुकताच नाल ठोकलेल्या बैलासारखा तो पाय उचलून उचलून टाकू लागला.

पहिल्या दोन सामन्यांत त्याला एकही बळी मिळाला नाही. याला पुढच्या बोटीनं घरी लावून द्या, असं कप्तान सर्वांसमोर बोलला. मुकादमकी गेली म्हणून नामा त्या दिवशी जेवला नाही.

महिपतला ते बघवेना. यष्ट्यांमागून त्याला सगळं दिसत होतं.

"आपटू नको रे," तो म्हणाला. "हितली माती चेंडूला वर येऊ देत नाय. पुढं टाक, पार फलंदाजाच्या पायाशी. न् पायाच्या रेघेवरनं सोड, मग वळू दे किती वळायचा तो."

मग रोज सकाळी दोघं मैदानावर. नामानं धाव आखूड केली. आवणीच्या वेळी भाताची रोपं लावताना चिखलात चवड्यावर भार देतात तसा बुटात पाय रोवायला शिकला. वेगही जरासा आवरला. हळूहळू आम्हा दोघांनाही त्या जमिनीचा स्वभाव कळला. तिसऱ्या सामन्यात मी फलंदाजाच्या पायावर जातोय असं दाखवून ऑफची यष्टी उडवू लागलो. एकामागून एक फलंदाज मान खाली घालून परतले. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

त्याच संध्याकाळी रंगूनच्या बड्या साहेबानं कप्तानाला गाठलं. हा गोलंदाज हिवाळाभर आमच्याकडे राहू दे, आणि त्याचा यष्टिरक्षकही. नामाला कोणी विचारलं नाही. कार्तिकात बाकीचे बोटीत चढले आणि हे दोघं धक्क्यावर उभे राहिले. मळणी चुकली, एवढंच नामा म्हणाला.

डिसेंबरात रंगूनवर जपान्यांचे बाँब पडले. साहेब लोक मिळेल त्या बोटीनं निघून गेले. नामा-महिपतसारख्यांना त्यात जागा नव्हती. ते आराकानच्या डोंगरातून हजारोंबरोबर पायीच हिंदुस्थानाकडे निघाले. वाटेतल्या एका झऱ्यावर नामा पाणी प्यायला आणि त्याला पटकी झाली. फार वेळ लागला नाही. त्यानं मला खिशातून काढून महिपतकडे दिलं. "देवकीला दे. नायतर ती वाट बघत बसंल."

महिपतनं त्याच्यावर दगड रचले आणि तो पुढं चालू लागला. मागच्या माणसांना थांबायला वेळ नव्हता.

ज्येष्ठात आम्ही डोळखांबला पोचलो. देह आला नाही, की पेंढ्याचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, अशी इथली रीत. नामा गेला असणार, असं लोक आधीपासूनच कुजबुजत होते, पण देवकी ऐकत नव्हती. महिपतनं मला तिच्या ओंजळीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं पेंढा काढून दिला.

आज ओढ्याकाठी तो पेंढ्याचा नामा निजवला आहे. त्याच्या छातीवर त्याची एखादी वस्तू ठेवा, असं वडीलधारे म्हणाले. तिला धीर द्यावा म्हणून महिपत सांगत होता की तिथं नामाचं केवढं नाव झालं, लोक कसे उभे राहून टाळ्या वाजवायचे. "तसा चेंडू तिथं कोणालाच जमंना, वयनी. म्हणून तर त्याला ठेवून घेतला."

"न् त्याला जमला नसता तर, भावजी?"

महिपत खाली बघत म्हणाला, "तर पयल्या बोटीनं घरी आला असता."

देवकीनं त्याला बोल लावला नाही. मला पेंढ्याच्या छातीवर ठेवलं, कपाळावरचं कुंकू पुसलं आणि मागं सरली.

बाबांनो, तुमच्या घरचं कोणी परमुलखात गेलं आणि तिथं त्याचं नाव झालं, तर खुशाल आनंद करा. पण आधी एवढं विचारा, की आता त्याला परत सोडतील का. आम्हाला ते विचारायचं सुचलं नाही.

नामाच्या थोरल्या भावानं, कोंडूनं, चूड लावली आहे. पेंढा भराभर पेटतो, चामडं सावकाश जळतं. तेवढ्या वेळात हे सांगून घेतलं.