मला न दिसलेला सांधा

मुरबाडच्या एका छोट्या कारखान्यातली मी जुनी क्ष-किरण पाटी आहे, मित्रांनो. वहीएवढी, काळी. लोखंडाचा तुकडा न कापता, न फोडता त्याच्या पोटातले चित्र मी दाखवते. शिशाच्या पत्र्याने मढवलेल्या खोलीत तुकड्याच्या एका बाजूला किरणांचा दिवा असतो, दुसऱ्या बाजूला मी. किरण आरपार आले की माझ्या वरच्या थराला उजेड सुटतो आणि खालचे बारीक ठिपके तो मोजतात.

त्या ठिपक्यांचा एक उभा पट्टा मेला आहे. तिथे मला

काहीच दिसत नाही.

पूर्वी चित्रात त्या जागी पांढरी फट यायची. गिऱ्हाइके नाक मुरडायची. मग संगणकाला शिकवले गेले: डावीउजवीकडचे ठिपके बघ आणि मधले भरून टाक. चित्र गुळगुळीत झाले. माझे कौतुक झाले.

मला सुधारण्याचे काम आटगावच्या माधुरीकडे आहे. माझ्या थरात उजेड आडवा पसरतो, म्हणून बारीक भेगा पुसट होतात. कुडाच्या भिंतीला कारवीच्या काठ्या उभ्या लावतात, तसे थरात केसाहून बारीक खांब उभे करायचे, म्हणजे उजेड सरळ खाली उतरेल. एक थर ओल लागून गेला. एक सोलून निघाला. ती पुन्हा नवा करायला बसली.

तो तयार झाला त्याच सुमारास धसईचा कुंडलिक आपल्या आकाशपाळण्याची दांडी घेऊन आला. या दांडीला पोरांचा झोका टांगतात. म्हसा गावची जत्रा तोंडावर होती; पाळणा तिथे लागायचा होता.

चित्र. दांडीचा वेल्डिंगचा सांधा स्वच्छ.

"झाला ना पास? दे शिक्का, बाय."

माधुरीने संगणकाचे भरणे बंद केले. फट उघडी पडली. सांधा नेमका

तिच्यामागे होता.

"काका, हा सांधा आपण बघितलाच नाय. शेजारचं बघून मधलं भरलंय."

"आता गो! पाटी खोटं बोलते का?"

"तिथं ती आंधळी हाय. खोटं आमी बोलायला लावलं."

"माझा पाळणा उभा राह्यचाय, आन् तुझं पाटीपुराण!"

"तुमची नात बसल ना त्यात?"

"ती नाय बसत. तिला वकाऱ्या येतात."

"मग दुसऱ्याची बसल. फिरवा दांडी."

पुन्हा चित्र. दांडी आडवी. सांध्यात एक रेघ, पुसट.

"धूळ असल," कुंडलिक म्हणाला.

माधुरीने माझा जुना थर काढला. नवा बसवला. तो अजून कशावरच तपासलेला नव्हता. तिचे हात मात्र घाई करत नव्हते.

पुन्हा चित्र.

भेग. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुईने ओढल्यासारखी.

कुंडलिकने दांडीच्या ताज्या लाल रंगावर नख फिरवले. नखाला काहीच लागले नाही.

"बाकीच्या बी काढून आणतो," तो म्हणाला. "समद्या. फिरवून फिरवून बघ."

मित्रांनो, नवा थर टिकला तर मला पुष्कळ बारीक दिसेल. मेलेला पट्टा मात्र मेलेलाच राहील. मला धुळीपासून जपा, ओलीपासून जपा. पण माझी फट भरू नका. तिच्यामागे कोणाचे तरी पोर झोक्यात बसलेले असू शकते. तुकडा फिरवा आणि पुन्हा माझ्यासमोर धरा. मी थकणार नाही.

दांड्या आल्या आहेत. दिवा लावा.