खंडेनवमीचं पिस्तूल

रॉकेलात भिजवलेली चिंधी कुंडलिकरावांनी पिस्तुलाच्या फटीत कोंबली आणि ओढून काढली, तर ती तांबडीलाल. वर्षानुवर्षांचं कुंकू आणि थिजून चिकट झालेलं खोबरेल. त्यांचे वडील संस्थानच्या नोकरीत होते, तेव्हाचं हे पिस्तूल. नौपाड्याच्या त्या दोन खोल्यांत दर खंडेनवमीला ते विळी, कात्री आणि पान्याच्या पंगतीला पाटावर बसे आणि घरची बाई त्याला तेल-कुंकू लावी. आधी त्यांची पत्नी रमाबाई, त्या गेल्यावर सून हेमा.

काल पूजेनंतर शेजारच्या गुणाजीने प्रसाद खाता खाता विचारलेलं, "चालतं का हो अजून, की नुसतं पूजेपुरतं?"

झालं. कुंडलिकरावांना तेवढंच पुरे होतं. त्यांनी गोळ्यांचं मॅगझिन काढून सगळ्यांना दाखवलं. मॅगझिन काढलं की पिस्तूल म्हणजे खेळणं, हे त्यांचं आवडतं वाक्य. हेमा आतून खिरीच्या वाट्या घेऊन येत होती. "हात वर," म्हणत त्यांनी तिच्यावर नेम धरला आणि चाप ओढला. आतून टक असा मेलेला आवाज आला.

"पिस्तूलही रिटायर झालं तुमच्यासारखं," गुणाजी म्हणाला, आणि खोलीभर हशा पिकला.

तो हशा कुंडलिकरावांना झोंबला. वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

"लोणचं घालावं तसं तेल ओततेस त्याच्यावर," ते सगळ्यांदेखत हेमावर ओरडले. "माझ्या वडिलांची वस्तू नासवलीस."

हेमाने मान खाली घातली आणि पदराने पिस्तुलावरचं कुंकू पुसलं. पाहुणे मुकाट्याने खीर संपवून गेले.

आता चिंधी बाजूला टाकून त्यांनी पिस्तुलाचा वरचा सरकता भाग जोर लावून मागे ओढला. दोनदा हात निसटला. तिसऱ्यांदा तो करकरत मागे आला आणि आतून काहीतरी उडून खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर पडलं.

काडतूस होतं.

ते बघतच राहिले. मॅगझिन तर कपाटात होतं. मग आठवलं. एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात गल्लीत चोरांची आवई उठली होती, तेव्हा त्यांनी मोठ्या ऐटीत मॅगझिन भरून बसवलं होतं आणि हाच भाग एकदा खटकन मागे ओढला होता. चोर काही आले नाहीत. त्यांनी मॅगझिन काढून रिकामं केलं आणि परत बसवलं. पण एक काडतूस नळीत चढलं होतं, ते तिथेच राहिलं.

त्यांनी ते उचलून उलटं धरलं. पितळी बुडावर मधोमध बारीकसा खळगा पडला होता. कालचा. चाप ओढल्यावर सुटणारी आतली पिन काडतुसापर्यंत पोचली होती, फक्त तेला-कुंकवाच्या चिखलातून जाताना तिच्यात जोर उरला नव्हता. कुंडलिकराव होते तिथेच फरशीवर बसले.

हेमा चहा घेऊन आली. दसऱ्याचं तोरण ओवून तिची बोटं पिवळी झाली होती.

"अण्णा, पुढच्या वर्षी मी नुसतं फूल वाहीन," ती म्हणाली. "चुकलं माझं."

मूठ मिटून घेता आली असती. तो विचार त्यांच्या मनात आलाही, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. त्यांनी हात पुढे केला.

"काय आहे हे?"

"काडतूस. आत होतं."

"आत्ता?"

"कालही."

हेमाने कप खाली ठेवला. त्यांनी खळग्यावर बोट ठेवून दाखवलं. "ही पिन लागल्याची खूण. तू लावलेल्या तेला-कुंकवात ती अडली, म्हणून..." तिच्याकडे बघण्याचा धीर त्यांना होईना.

हेमाने ते काडतूस त्यांच्या तळहातावरून उचललं.

"तुम्ही नेम धरलात ना, अण्णा," ती हळूच म्हणाली, "तेव्हा मी हसत होते."