होआबांची वाटी

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. दोन लिटरचा, बूड फुगलेला. हॅम्बर्गच्या एका इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, हिवाळी टायरांच्या मागे मी पडून असतो. माझ्या पोटात एक वाटी आहे. ती आमच्या घरची नाही.

चारुदत्तच्या आईंनी मला तुळशीबागेतून घेतलं. ठोकून बघितलं, झाकण चारदा लावलं, काढलं, दुकानदाराला नकोसं करून सोडलं. लेक इंजिनिअर होऊन हनोईला निघाला होता आणि तिथे त्याचे खायचे हाल होतील याची त्यांना धास्ती होती.

हनोईत आम्ही एका अरुंद गल्लीत, होआबांच्या माडीवर राहायचो. बा म्हणजे तिकडे आजी. माझी पहिली शिट्टी झाली तेव्हा होआबा पाण्याची बादली घेऊन धावत जिना चढल्या. आग नाही, खिचडी आहे हे कळल्यावर इतक्या हसल्या की पायरीवरच बसल्या. मग ते रोजचंच झालं. शिट्टी ऐकली की त्या वाटी घेऊन वर यायच्या. निळा मासा काढलेली, काठाचा टवका उडालेली. तिच्यात कधी चिकट भात, कधी पपई असायची. चारुदत्त ती खिचडीने भरून परत द्यायचा. दुसऱ्याचं भांडं रिकामं पाठवायचं नाही, ही आईंची शिकवण. तेव्हा माझा रुबाब काय विचारता!

एके दिवशी कंपनीचा हुकूम आला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानाने हॅम्बर्ग गाठायचं. घरात तांदळाचा दाणा उरला नव्हता आणि होआबांची वाटी आमच्याकडेच होती. रिकामी वाटी घेऊन त्यांच्यासमोर कसं उभं राहायचं, असं चारुदत्तला झालं. त्याने ती माझ्यात ठेवली, झाकण लावलं आणि चपला हातात घेऊन तो जिना उतरला. पुढे कधीतरी भरून देऊ, असं पुटपुटला.

हॅम्बर्गमध्ये माझे दिवस फिरले. काचेच्या सपाट शेगडीवर माझं बूड टेकेना. शिट्टी झाली की खालचे शेजारी छताला काठी ठोकायचे. वाटी घेऊन कोणीच आलं नाही. चारुदत्तचं लग्न झालं, संध्याने नवा कुकर आणला आणि मी केलरमध्ये आलो.

दोन हजार आठ साली कंपनीने चारुदत्तला थोड्या दिवसांसाठी हनोईला पाठवलं. तेव्हा त्याने मला शोधून काढलं.

"अहो, हा भंगार कुकर कशाला नेताय?" संध्या म्हणाली.

"अगं, होआबांची वाटी द्यायचीय. भरून."

त्याने मला नवं रबर घातलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

पण मित्रांनो, ते शहर मला ओळखू येईना. सायकली गेल्या होत्या. स्कूटरींचा लोंढा वाहत होता आणि प्रत्येक डोक्यावर हेल्मेट होतं. कंपनीचा फ्लॅट उंच इमारतीत होता, त्याच्या खिडक्या उघडतच नव्हत्या. माझी शिट्टी तिथल्या तिथे विरली. गरम खिचडीसकट मला आणि वाटीला पिशवीत घालून चारुदत्त निघाला.

गल्लीच्या जागी बँकेची काचेची इमारत उभी होती. तो पुढे गेला, मागे आला. होआबांच्या दारातलं देशी बदामाचं झाड तेवढं उरलं होतं, त्यावरून त्याला जागा ओळखता आली. झाडाखाली एक चहावाली बसली होती. त्याने तिला मोडक्यातोडक्या व्हिएतनामीत विचारलं. तिने पिशवीत डोकावून मला पाहिलं.

"शिट्टीवाला तूच ना? म्हातारी जाऊन तीन वर्षं झाली. सगळ्यांना विचारत राहायची, पोरगा न सांगता का गेला? माझं काही चुकलं का?"

चारुदत्त झाडाच्या कट्ट्यावर बसला. मग त्याने माझं झाकण उघडलं आणि वाटी भरून चहावालीला दिली. तिने खिचडी खाल्ली, वाटी विसळली आणि त्याच्या हातात परत ठेवली. "ही तिची आहे," ती म्हणाली.

तेव्हापासून वाटीसकट मी पुन्हा इथे केलरमध्ये आहे. परवा सायकल घ्यायला त्याची लेक अन्वी त्याच्याबरोबर खाली आली. तिने माझं झाकण उघडलं.

"बाबा, वास इस्ट दास?" हे काय आहे, असं ती विचारत होती. तिला मराठी कळतं, पण बोलते जर्मनच.

"परत द्यायची वाटी आहे, बाळा."

मग दे की परत, असं ती तिच्या जर्मनमध्ये सहज म्हणून गेली. चारुदत्तने वाटी तिच्या हातातून घेतली, बाहीने पुसली आणि पुन्हा माझ्या पोटात ठेवली.

मित्रांनो, कोणाचं भांडं तुमच्याकडे राहिलं असेल तर आजच नेऊन द्या. भरायला काही मिळेल म्हणून थांबू नका. होआबांनी ती वाटी रिकामीसुद्धा हसून घेतली असती.