दुसरी करवंटी

विलिमोनीचा श्वास बाहेर पडला आणि पुढचा आत यायला नऊ सेकंद लागले. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा तीनवरून जवळजवळ पाचवर गेला होता. अकानिसीने पुन्हा मोजलं. दहा. त्याच्या ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या, की सकाळच्या कोवळ्या उजेडात तसं भासत होतं, ते तिला ठरवता येईना.

"लोसेनाचे बाबा! अहो, उठा!" तिने त्याला गदागदा हलवलं.

चौथ्या हाकेला त्याने डोळे उघडले. "चर्चची घंटा झाली?"

"आज बुधवार आहे. काल काय घेतलंत तुम्ही?"

तो जड जिभेने म्हणाला, "काल बैठक होती, म्हणून सकाळची कॅप्सूल टाळली. यंगोना झाल्यावर पाय असे पेटले गं, की रात्री दोन घेतल्या. हिशेब तोच झाला ना?"

साखरेच्या आजाराने दोन वर्षं त्याचे तळवे भट्टीतल्या दगडांवर ठेवल्यासारखे भाजत होते. सहा आठवड्यांपूर्वी खाडीपलीकडच्या दवाखान्यातून या कॅप्सूल मिळाल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. आग निम्म्याने उतरली. औषध देताना सिस्टर तोरिकाने विचारलं होतं, "दारू घेता का?" आणि विलिमोनीला ते लागलं होतं. "मी चर्चमध्ये प्रवचन करतो, सिस्टर." यंगोनाचं कुणाच्या मनातही आलं नाही. यंगोनाला दारू कोण म्हणतं? मुळं कुटून पाण्यात कालवलेलं ते बैठकीचं पेय तर पाळकही पितात.

पण तो दिवसेंदिवस पेंगुळायला लागला, तेव्हा पंधरा दिवसांपूर्वी अकानिसी एकटीच होडीने जाऊन विचारून आली होती.

सिस्टरने पेन खाली ठेवलं होतं. "रोज पितात?"

"रोज कुठलं! मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. आणि कुणी पाहुणा आला तर."

"मीच विचारायला हवं होतं. बाई गं, दोन्ही झोप आणणारी. त्यात त्यांची मूत्रपिंडं अशक्त, औषध अंगात साठून राहतं. श्वास मंदावतो. यंगोना पूर्ण बंद. पण कॅप्सूल मनाने बंद करू नका, एकदम सोडली तर वेगळाच त्रास. आणि एखादी राहिलीच, तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत."

विलिमोनीने हे सगळं ऐकून मान डोलावली होती. आधी म्हणाला, चर्चच्या वर्गणीचा कार्यक्रम होऊ दे. मग म्हणाला, वारलेल्या काकांचा शंभराव्या दिवसाचा विधी होऊ दे. गावाच्या प्रमुखांच्या वतीने बोलणारा तो. बैठकीत यंगोनाची पहिली करवंटी त्यांची आणि लगेच दुसरी त्याची. ती नाकारणं म्हणजे भर सभेत त्यांच्याकडे पाठ फिरवणं. "आणि माझा मामेभाऊ जन्मभर हसेल," असंही तो म्हणायचा. ते मात्र खरं होतं.

अकानिसीने सिस्टरला फोन लावला. "जागं ठेवा," सिस्टर म्हणाली. "एकटं सोडू नका. मी येईपर्यंत सकाळची कॅप्सूल नको, यंगोनाचा थेंबसुद्धा नको. मी होडी काढते."

पण होडीला तास लागणार होता आणि शेजारच्या बेटावरचे पाहुणे आधीच किनाऱ्याला लागले होते. विलिमोनी भिंतीला धरून कपडे बदलत होता.

"आज सांगणार ना प्रमुखांना?"

"एवढा आजचा दिवस जाऊ दे, अकानिसी. माणसं समुद्र ओलांडून आलीत."

ती त्याच्यामागे सभागृहात गेली आणि मानाच्या जागेपासून लांब, खालच्या दाराशी बायकांमध्ये बसली. पाहुण्यांमध्ये मामेभाऊ सेवानाया होताच.

"काय रे, डोळे बघ तुझे! बायकोने रात्रभर नारळ खवायला बसवलं का?" सेवानाया ओरडला. "याला आज भरती नको, ओहोटीही नको. त्सुनामी द्या!"

करवंटी किती भरायची त्याची ही नावं; त्सुनामी म्हणजे काठोकाठ. सगळे खदखदून हसले. विलिमोनीही हसला, पण अर्धा क्षण उशिरा. त्याची मान पुढे झुकली आणि सावरली.

मग विधी सुरू झाला आणि बोलणं थांबलं. लाकडी काथवटीत करड्या रंगाचं पाणी ढवळलं गेलं. प्रमुखांनी पहिली करवंटी रिकामी केली, टाळ्या पडल्या. दुसरी काठोकाठ भरून निघाली. विलिमोनीने पोकळ हातांनी एक टाळी दिली आणि दोन्ही हात पुढे केले. ते एका पातळीवर राहत नव्हते.

पंधरा दिवसांपूर्वी परतीच्या होडीतच तिचं ठरलं होतं, की त्याने नाही सांगितलं तर आपण सांगायचं. त्यानंतर रोज तिने ते गिळलं होतं. त्याचा मान, त्याचं तोंड, त्यानेच उघडावं, असं स्वतःला समजावलं होतं. विधी चालू असताना खालच्या दारातून कुणी बाई बोलल्याचं तिने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

करवंटी त्याच्या बोटांना लागली. त्याचे डोळे मिटत होते.

अकानिसी गुडघ्यांवर उठली. शेजारणीने तिचा झगा ओढला. तिने तो सोडवून घेतला.

"तुरांगा, माफी असावी," ती प्रमुखांकडे बघत, त्यांना मानाची हाक देत म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ती त्यांना देऊ नका. पायांसाठी ते औषध घेतात, त्यावर यंगोना प्यायलं तर श्वास थांबू शकतो. माझा नवरा यापुढे यंगोना पिणार नाही."