अर्धी जाड, अर्धी पातळ

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. करडीजवळच्या आमच्या खेड्यात पोलीस पाटलापासून पोस्टमनपर्यंत कोणीच ठेवला नाही, तरी माझं काही अडलं नाही. माझ्या अंगावर एकाच वेळी दोन महिने नांदतात. एका बाजूला वैशाख, दुसऱ्या बाजूला पौष. मी एक जुनी गोधडी आहे. वय वर्षं तेहतीस. अर्धी जाड आहे आणि अर्धी पातळ.

पुरावा हवा? घरातली भुरी मांजर माझ्या बरोबर मधोमध झोपायची. एका हिवाळ्यातच तिचे वैशाखाकडचे केस झडून गेले आणि पौषाकडचे बोटभर वाढले. ती येताना एक दिसायची आणि जाताना दुसरी. शेजारच्या सुलोचनाबाई माझ्या मालकिणीला विचारायच्या, "दोन मांजरी कायले पोसून राहिली व रेवता?" पुढे एका कोंबडीने माझ्या जाड बाजूवर अंडी घातली. ती नवव्या दिवशी फुटली. पिल्लं घाम पुसतच बाहेर आली आणि ओळीने पातळ बाजूवर जाऊन वाऱ्याला बसली. कोंबडीला एकवीस दिवस लागतात, हे मलाही ठाऊक आहे. पण ती पिल्लं घाईत होती.

हसा, हसा. वाढवून सांगायची माझी ही सवय घरातूनच आली आहे. माझा मालक इतवारी तलावात मच्छी मारतो. त्याने पकडलेली बोटभर मरळ घरी पोचेपर्यंत हातभर व्हायची, आणि पानठेल्यावर पोचली की तिला मिशा फुटायच्या. अशा माणसाच्या अंगावर तेहतीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार? पण माझ्या जन्माची गोष्ट मात्र धाग्याधाग्याने खरी आहे.

इतवारीचं नवीन लग्न झालं तेव्हाची ती गोष्ट. तो उजाडायच्या आत डोंगा घेऊन तलावात जायचा आणि छातीभर पाण्यात उभं राहून जाळं लावायचा. तिथून जी थंडी हाडांत शिरायची, ती गोरसीतल्या निखाऱ्यांनाही ऐकत नसे. त्याची बायको रेवताबाई अगदी उलटी. तिच्या अंगातच कोणीतरी चूल पेटवून ठेवली होती. घरात पांघरूण एकच. तो ते गळ्यापर्यंत ओढी, ती पायाने उडवून देई.

"थंडीनं मरून राहिलो ना व मी!"

"मंग तलावातच झोपा. पान्याचं पांघरून फुकट भेटते तिथं!"

भांडण इतकं वाढलं की इतवारीच्या आईने निवाडा केला, दोघांना दोन पांघरुणं करा. त्यावर रेवताबाई जे बोलली ते गावात अजून सांगतात. ती म्हणाली, "दोन पांघरुनं घ्याले मी का या घरात भाड्यानं राहून राहिले?"

आणि तिने मला शिवायला घेतलं. उन्हाळ्यात तलाव आटला होता, इतवारीही रिकामाच होता. जाड बाजूला तिने त्याची दोन धोतरं, त्याच्या बापाचा फेटा, लग्नाच्या मांडवाचा कपडा आणि मच्छीमार सोसायटीत वाटलेलं एक खरखरीत कांबळं घातलं. पातळ बाजूला फक्त तिचं एक लुगडं, धुऊन धुऊन इतकं विरलेलं की त्यातून दिव्याच्या वाती मोजून घ्याव्यात. दोन्ही बाजू तयार झाल्या. पण त्या जुळेनात. जाडीत सुई घातली तर मोडायची, पातळात घातली तर कापड फाटायचं. तीन सुया मोडल्यावर रेवताबाईने मला बाजूला भिरकावलं.

तेव्हा इतवारी उठला. त्याने जाळं विणायची बांबूची सुई आणली, जाळ्याचाच दोरा घेतला आणि दोन्ही काठांमध्ये जाळ्याच्या गाठी मारत गेला. अशा बावन्न गाठी. टाके तिचे, गाठी त्याच्या. त्या दिवसापासून मी एक झाले.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या भरभराटीचे होते. मला पाहायला बाया यायच्या. कोणी हसायच्या, आणि हसून झालं की हळूच विचारायच्या, "माह्या घरीबी असंच आहे व रेवता. किती थर घातले?" पुढे दुर्गा जन्मली. ती दोघांच्या मध्ये, बरोबर माझ्या गाठींवर झोपायची. तिला ना थंडी वाजायची ना गरम व्हायचं. सकाळी तिच्या गालावर गाठींची रांग उमटलेली असायची, आणि इतवारी बायकोला दाखवत म्हणायचा, "पाय, पाय, जाळ्यात केवढी मच्छी सापडली!"

ती मच्छी मोठी झाली आणि लग्न होऊन आमच्याच जिल्ह्यातल्या शहापूरला गेली. तिचा नवरा तेजराम तिथेच हायवेवर गाड्या दुरुस्त करतो. घरात पुन्हा दोघंच उरली. भांडायची, पण भांडण माझ्या दोन काठांच्या आतच राहायचं.

मग गेल्या दसऱ्याला दुर्गाला मुलगा झाला आणि रेवताबाई बाळंतपणाला शहापूरला गेली. जाताना दोघांचा दारातच वाद झाला.

"गोधडी घेऊन जाय. तुले दुसऱ्या पांघरुनात झोप नाई लागत."

"अजी, मी नेली त तुमी कुडकुडान. राहू द्या इथंच."

मी राहिले. बाई सव्वा महिन्यासाठी गेली होती, पण तेवढे दिवस सरले तरी आली नाही. दुर्गा कामाला लागली, बाळ आजीला सोडीना. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. इतवारीला तलाव सोडता येत नव्हता, कारण शिंगाडे काढायचे दिवस होते. निदान तो सगळ्यांना तसं सांगायचा.

मित्रांनो, गोधडीला एकटेपणा कसा कळतो, ठाऊक आहे? वजनावरून. दोन माणसं अंगाखाली असली की मी ताणलेली असते. एकच असलं की उरलेली बाजू खाटेवरून खाली लोंबते आणि तिला जमिनीचा गारवा लागतो. माझी एक बाजू अशी सारा हिवाळा लोंबत राहिली. पूर्वी मी रोज ओढली जायचे, तेव्हा मला वाटायचं की आपण फाटणार. आता कोणी ओढत नव्हतं. मी सकाळी जशीच्या तशी सापडायचे, आणि ते मला फार लागायचं.

इतवारीचं मात्र मजेत चाललं होतं, हे मी शपथेवर सांगते. जाड बाजू सगळी त्याचीच. तो तिच्यात शिरून घोरायचा. सकाळी तो खोकायचा, पण ते तंबाखूमुळे. कधी पाय पोटाशी घेऊन बसलेला दिसायचा, पण ती त्याची लहानपणापासूनची सवय. थंडीबिंडी काही नाही.

फोनवर दोघं बोलायची. मी खाटेवरच असायचे, मला सगळं ऐकू यायचं.

"जेवले का?"

"जेवलो. बाबू खोकलते का?"

"नाई. मच्छी लागली का?"

"लागली. मोठी होती."

"तुमची लहान कधी होती?"

एकाने 'ये' म्हणावं किंवा दुसरीने 'येते' म्हणावं, एवढंच काम होतं. तेवढं सोडून दोघं बाकी सगळं बोलायची आणि फोन ठेवायची.

पौष लागला आणि तेजराम मोटरसायकलवरून आला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने पिशवीतून कैची काढली आणि सासऱ्याला म्हणाला,

"मामाजी, मामीनं आपली बाजू मागतली. दुर्गानं तिले नवं मिंक ब्लँकेट घेऊन देल्लं, त त्याच्यात तिचा जीव घाबरा होते. पौषात पंखा लावते ती! बाबूले सर्दी झाली. त मी म्हटलं, गोधडी मधातून कापून नेतो. जाड तुमाले, पातळ तिले. दोघाचंबी काम झालं."

माझा धागा न् धागा गार पडला. मित्रांनो, हिशोब बिनचूक होता, म्हणूनच मला भीती वाटली. त्यात कोणाचंच नुकसान नव्हतं. फक्त मी उरत नव्हते. जाड बाजू बाजारातल्या कोणत्याही रजईसारखी होईल, आणि पातळ बाजू वर्षभरात पोछा होऊन दारात पडेल.

इतवारीने माझा काठ स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाला, "जवाईबापू, हा जाळ्याचा दोरा आहे. आमच्या घरात जाळ्याच्या दोऱ्याले लोखंड लावत नाई. ज्यानं बांधलं त्यानंच सोडावं, असं माहा बाप सांगून गेला."

"पन मामाजी, हे त गोधडी आहे ना!"

"गोधडी तिची आहे. दोरा माहा आहे."

"मंग सोडा ना गाठी. मी बसतो."

"तेहतीस सालाच्या गाठी आहेत, बापू. पान्यातल्या गाठीपेक्षा घामातली गाठ पक्की. घाई केली का आनखी आवळते. पुढच्या आठवड्यात या."

तेजराम गेला. आता तुम्ही म्हणाल, इतवारीने मला वाचवलं. तसं नाही. तो थापा मारतो, पण दिलेला शब्द मोडत नाही. बायकोने मागितलं म्हणजे द्यायचं. संध्याकाळी तो मला मांडीवर घेऊन बसला आणि नखाने पहिली गाठ सोडली. सोडलेला दोरा त्याने फेकला नाही, कानावर अडकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसरी. कधी दोन, कधी एकही नाही. तेजराम दर आठवड्याला यायचा, चहा प्यायचा आणि रिकामी पिशवी घेऊन परत जायचा.

"सुटून राहिल्या का गाठी?" रेवताबाई फोनवर विचारायची.

"सुटून राहिल्या."

"सावकाश सोडा. मले काई घाई नाई."

"मलेबी नाई."

तरी गाठी सुटतच होत्या. माझ्या मधोमध आधी बोट जाईल एवढी फट पडली, मग हात जाईल एवढी. तिथून वारा आत यायचा आणि दोन्ही बाजूंना सारखाच झोंबायचा. तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या दोन्ही बाजूंचा महिना एक झाला. माघ अर्धा सरला तेव्हा बावन्नपैकी फक्त चार गाठी उरल्या होत्या.

मित्रांनो, पाचवी गाठ उरली असती तर मी आणखी एखादी कोंबडीची गोष्ट सांगितली असती. पण उद्या माझे दोन तुकडे झाले तर त्यातला कोणता बोलेल, हे मलाच ठाऊक नाही. म्हणून एक मागणं आत्ताच करते. घरातल्या जुन्या गोधडीला महिन्यातून एकदा ऊन दाखवा. तिला उंदरांपासून जपा. तिची शिवण उसवली तर त्याच दिवशी टाका घाला, कारण छोटी फट कधीच छोटी राहत नाही. आणि दोन माणसांच्या मधली वस्तू सोयीसाठी वाटून घेऊ नका. सोय होते, पण मग विचारायला, भांडायला, ओढायला काही उरत नाही.

एवढं बोलून होतं न होतं तोच, भर दुपारी, फाटकाची कडी वाजली.

मी अंगणात खाटेवर उन्हात पडले होते. इतवारी जाळ्यातला गाळ झटकत बसला होता. रेवताबाई एकटीच आली होती. हातात एक पिशवी होती, आणि बसस्टँडपासून चालत आल्यामुळे पदर कपाळाला टेकवून ती घाम पुसत होती. माघातसुद्धा!

"तू कशी आली?" इतवारी उठलाच. त्याच्या हातातलं जाळं खाली पडलं, ते त्याने उचललं नाही.

"बसनं. जवाई बिचारा चकरा मारून थकला. म्हटलं, आपली बाजू आपनच आनावी. किती उरल्या?"

"चार."

"बावन्न गाठीले दीड महिना लागते का? मोठं जाळं दिवसात सोडता तुमी."

"नखं वाढली नोहती."

ती खाटेवर माझ्याशेजारी टेकली. उरलेल्या गाठींवरून तिने एकेक बोट फिरवलं. इतवारीकडे न पाहता म्हणाली, "सोडून टाका मंग. चारच्या बसनं जातो मी. तुमची त चैन आहे. जाड बाजू सारी तुमाले, ओढाले कोनी नाई."

आता तरी त्याने बोलावं, असं मला फार वाटलं. तो खाली बसला, माझा काठ मांडीवर ओढला, पहिल्या गाठीला नख लावलं आणि बोलला. पण काय बोलला?

"चैन म्हनजे का! गनपतीच्या उंदरावानी झोपतो. माह्या बाजूत शिरलो का सकाळपर्यंत सुद नाई राहत. तुह्या बाजूले त हातबी नाई लावला. दसऱ्याले जशी ठेवून गेली तशीच्या तशी आहे, पाय."

मित्रांनो, मीही मघाशी तुम्हाला शपथेवर हेच सांगितलं होतं. मालकाची अब्रू असते शेवटी.

रेवताबाईने माझी पातळ बाजू, तिच्या त्या विरलेल्या लुगड्याची बाजू, दोन्ही हातांनी उचलली आणि नाकाशी नेली. एकदा हुंगली, पुन्हा एकदा हुंगली. मग गाठीवरचा त्याचा हात झटकून टाकला आणि सुलोचनाबाईंच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"साफ खोटं! मंग माह्या बाजूले मच्छीचा वास कायले येऊन राहिला?"