मुशीच्या डाव्या डोळ्याची नस

मी मुशीच्या डाव्या डोळ्याची नस बोलतेय. मुशी म्हणजे लहानसा शार्क मासा. आमची मुशी कोकणच्या समुद्रात जन्मली, जाळ्यात सापडली आणि फॉर्मॅलिनच्या डब्यात बसून रेल्वेनं नांदुऱ्याला उतरली. तिथल्या नव्या कॉलेजात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता, पण मुशीचं डोकं उघडल्याशिवाय बी.एस्सी. होता येत नव्हतं.

माझं एकच दुखणं, ते म्हणजे नाकाची नस. जाडजूड, मेंदूच्या पुढे ऐटीत पसरलेली, वरचं कूर्चेचं झाकण काढलं की लगेच नजरेत भरणारी. जो तो तिचंच कौतुक करतो. मुशीला म्हणे लांबून वास येतो. अहो, पण शेवटी भक्ष्य दिसायला नको का? अंधाऱ्या पाण्यात हललेली सावली मेंदूपर्यंत मी पोचवायची आणि नाव हिचं व्हायचं. मला तिचा हेवा वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

मी डोळ्यामागून निघते, मेंदूच्या खाली जाते, तिथे उजव्या डोळ्याच्या नसेला ओलांडते आणि पलीकडच्या बाजूनं मेंदूत शिरते. मुशीचा चपटा भाऊबंद म्हणजे पाखट मासा, त्याच्या डोक्यातही असंच असतं. पण हे सगळं खालून. कॉलेजात सगळे चित्र काढत ते वरून, आणि मला सरळ डाव्याच बाजूला जोडून मोकळे होत.

परीक्षेच्या दिवशी आमची मुशी संग्रामपूरकडच्या सिंधूच्या वाट्याला आली. तिच्या घरी भाजीचा मळा. मुळा सोलावा तशी तिनं कूर्चा पातळ पातळ सोलली आणि नाकाच्या नसा इतक्या सुरेख मोकळ्या केल्या की माझा नुसता जळफळाट झाला. बाहेरगावाहून आलेले परीक्षक जानराव सर वाकून बघतच राहिले.

मग त्यांनी विचारलं, "डाव्या डोळ्याची नस कोणत्या बाजूला जाते?"

"डाव्याच बाजूले, सर."

"दाखव."

मेंदू उचलल्याशिवाय मी दिसणार नव्हते आणि नाकाच्या दोन्ही नसा कापल्याशिवाय मेंदू उचलता येत नव्हता. सिंधूची सकाळपासूनची मेहनत सगळी त्यांच्यावरच झाली होती.

"हे कापलं तं दाखवाले काहीच उरत नाही, सर. अन् डोळ्याची तुटली तं मी नापासच."

"पाहाचं असन तं काप," सर म्हणाले.

काप बाई, काप, मी मनात म्हटलं. तिनं कापलं. मग घरून आणलेल्या कापसाच्या बोळ्यानं मेंदू हळूच मागे लोटला. मी ताणली गेले, पण तुटले नाही.

ती बराच वेळ पाहत राहिली. "माह्यं चुकलं, सर. हे तं पलीकडे जाऊन राह्यली."

"आता पाहून सांगून राह्यली ना," सर म्हणाले आणि त्यांनी तिला पास केलं. आमचं डोकं तसंच बरणीत ठेवायला सांगितलं, आम्ही दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडताना दिसू असं.

तेव्हापासून मी काचेच्या कपाटात, अगदी समोर असते. माझ्याखाली काळ्या कागदाची पट्टी आहे, शेजारी नावाची चिठ्ठी आहे. पण दरवर्षी नवी पोरं येतात, बरणीवर वाकतात आणि एकमेकांना विचारतात, "काऊन बे, हिची नाकाची नस कुठी गेली?"

तुम्ही कधी इकडे आलात, तर तेवढं विचारू नका.