चार धान्यांची दारू

"थुंकतोस काय, सहादू? ही थुंकायची चीज आहे का?" धाकटे मालक म्हणाले. शेजारचे दोन टायवाले हसले.

माझ्या बापानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, घोट घमेल्यात टाकला आणि तोंड पुसलं. घमेलं मीच धरलेलं. नववीत शाळा सोडली तेव्हा बापानंच मला इथं, दारूच्या कारखान्यात, बाटल्या धुवायला चिकटवलं होतं.

बापाची नोकरी दारू चाखायची. चाखायची आणि थुंकायची. बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून त्याच्या पोटात एक थेंब गेला नव्हता. वस्तीत कुणी टोमणा मारला की आई म्हणायची, "या, तोंड हुंगून बघा त्यांचं."

पण गेल्या हिवाळ्यात तापात बापाचं नाक गेलं, कसला वासच येईना. स्टोचं रॉकेल गळत होतं आणि हा शेजारी बसून बिडी पेटवायला निघालेला. कारखान्यात कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता. म्हणून तेव्हापासून हा गडी साहेबांची थोबाडं बघून निकाल द्यायचा. साहेब खूश, तर दारू झकास. मला त्याची किळस यायची. साहेबांची त्याहून जास्त.

धाकटे मालक अमेरिकेत शिकून आलेले. तिकडं बर्बन म्हणून दारू असते, तशी इथं काढायची होती त्यांना. मका, ज्वारी, बाजरी आणि सातू एकत्र शिजवून दारू गाळली, ती लाकडी पिपात मुरत ठेवली. आज पहिलं पीप उघडलं होतं.

"मधासारखी आहे," एक टायवाला म्हणाला.

"आणि मागून व्हॅनिला," दुसरा म्हणाला. व्हॅनिला यानं आइस्क्रीमच्या कपावर वाचला असणार.

बापानं दोघांची तोंडं बघितली. "गोडी चांगली उतरलीय, साहेब. झकास."

टेबलावरचा ग्लास माझ्या नाकाखालीच होता. तव्यावर विसरलेल्या भाकरीचा वास येत होता त्याला. भरल्या खोलीत एकालाही येऊ नये? माझं डोकं सटकलं.

"करपलीय," मी म्हणालो.

"हा कोण?"

"माझं पोरगं, साहेब."

"बाजरी बुडाला लागलीय. हुंगून बघा की. नाक कशाला दिलंय?"

मालकांचे कान लाल झाले. पण आवाज गोड ठेवून ते म्हणाले, "सहादू, मुलगा म्हणतो करपली, तू म्हणतोस झकास. पुन्हा घे. आणि या वेळी गिळ. चूळ भरून कुठं चव कळते?"

बापानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, की हो, करपलीय, सांगून टाका. मग त्यानं मालकांच्या तोंडाकडं बघितलं.

ग्लास उचलला आणि सगळा आत ओतला. त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली. डोळ्यांतून पाणी आलं.

"पोरगं अडाणी हाय, साहेब. त्याला काय कळतं? चांगलीच हाय."

"ऐकलंस?" मालक मला म्हणाले. "उद्यापासून येऊ नको तू."

घरी जाताना बाप सायकलवर बसला नाही. हातात धरून चालत होता.

"तुला गप बसता येत नव्हतं व्हय रे?"

"तुम्हाला थुंकता येत नव्हतं?"

त्यानं सायकल पुढं ढकलली.

वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी वंदना आणि पंचशील बापच सांगायचा, दारू न पिण्याच्या शीलासकट. एकेक ओळ तो म्हणायचा, लोक मागून म्हणायचे. त्या दिवशीही माणसं हात जोडून त्याची वाट बघत बसली होती. तो दारातच थांबला.

"वाल्मीक, आज तू सांग," तो बसलेल्यांतल्या एकाला म्हणाला.

"का रं सहादू, आवाज बसला का?" वस्तीतल्या अंबूबाईनं विचारलं.

"हां, बसलाय."

वाल्मीकनं बसल्या जागेवरूनच सुरुवात केली, पुढची बापाची जागा रिकामीच राहिली. बाप दाराशी वळला, जिथं सगळ्यांच्या चपला पडलेल्या असतात तिकडं. दोन-तीन जोड हातानं बाजूला सारले आणि तेवढ्या जागेत मांडी घालून बसला.